‘म्हैस’ आणि अडलेले शब्द

विनोदी कथेची एक गंमत असते. गंभीर कथेत एखादा शब्द अडला तरी आपण मान हलवून पुढे जातो, शेजारी बसलेल्याला पत्तासुद्धा लागत नाही. विनोदी कथेत ही सोय नाही, कारण हशा कुणासाठी थांबत नसतो. शब्द कळला तर हसू वेळेवर येतं. नाही कळला तर आपण दुसऱ्यांचं पाहून हसतो, आणि तेही क्षणभर उशिरा. म्हणूनच आपल्या मराठीची व्हायव्हा द्यायची असेल तर विनोदी कथेइतका कडक एक्स्टर्नल शोधून सापडणार नाही!

प्रस्तुत लेखात आपण अशीच एक कथा घेऊन शब्द कसे शिकायचे ते पाहणार आहोत. कथा आहे पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’. पु. लं.चा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, निधन १२ जून २००० चं. ‘बटाट्याची चाळ’, ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही पुस्तकं सर्वांना माहीत आहेत. ‘म्हैस’ मात्र वाचलेल्यांपेक्षा ऐकलेल्यांची संख्या जास्त असावी. पु. लं.नी ती स्वतः सांगितली, तिचं ध्वनिमुद्रण झालं, कॅसेटवरून ती सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आणि तिथून प्रत्येक होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर पोचली. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा कुठल्यातरी खोलीतून तिचा आवाज येतोच.

कथानक सोपं आहे. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एस.टी. रस्त्यात एका म्हशीला धडकते. गाडी थांबते. मग गाडीतले लोक, गावातले लोक, म्हशीचा मालक धर्मा मांडवकर, पोलीस, पुढारी असे सगळे जमतात आणि प्रत्येकजण आपापलं शहाणपण पाजळतो. शेवट काय होतो ते इथं सांगत नाही. ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी ऐकावी.

आता अडचण कुठं येते? आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ‘म्हैस’ म्हणजे बफेलो एवढं माहीत असतं. तिथून पुढं अंधार. आणि अंबड तालुक्यातल्या शहागडच्या, वडीगोद्रीच्या, रोहिलागडच्या मुलांना म्हशीबद्दल सगळं माहीत असतं, पण कोकणातलं बोलणं ऐकून तीसुद्धा मधेच थबकतात. म्हणजे अभ्यास दोघांनाही करायचा आहे. खाली दिलेले शब्द काही कथेतले आहेत, काही कथेच्या आजूबाजूचे आहेत. शब्द सुटा पाठ न करता त्याचं अख्खं घराणं पाहायचं, ही या अभ्यासाची पद्धत.

१. खोळंबा

या कथेचा विषय एका शब्दात सांगायचा तर तो शब्द ‘खोळंबा’. आपण रोज ‘लेट’ म्हणतो, एस.टी. स्टँडवरच्या घोषणेत ‘विलंब’ म्हणतात, घरी ‘उशीर’ म्हणतात. पण हे तिन्ही खोळंबा नव्हेत. उशीर एकट्या माणसाला होऊ शकतो. खोळंबा बहुतेक वेळा अनेकांचा होतो, आणि तो एका कारणानं होतो. एक गोष्ट अडते आणि तिच्यामागं सगळे तिष्ठत बसतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक. मेसमध्ये पोळ्या संपल्या आणि पन्नास मुलं ताट हातात घेऊन उभी राहिली, तर तो खोळंबा. एकटा कुणी नऊ वाजता उठून धावत लेक्चरला गेला, तर तो नुसता उशीर.

२. उतारू

एस.टी.त बसलेला माणूस म्हणजे प्रवासी, हे पुस्तकी उत्तर. जुना, चांगला मराठी शब्द ‘उतारू’. गंमत म्हणजे जो चढून बसला आहे त्याचं नाव उतरण्यावरून पडलंय! ‘उतरणे’ म्हणजे वाहनातून खाली येणे, तसंच मुक्कामाला राहणे. ‘पाहुणे कुठं उतरलेत?’ असं आजी विचारते तेव्हा तिला जिना उतरणं अभिप्रेत नसतं.

याच घराण्यातला ‘उतारा’ पाहा. शेतीच्या कागदाची नक्कल म्हणजे सातबाराचा उतारा. मराठीच्या पेपरात ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’. विषावरचं औषध म्हणजे विषाला उतारा. आणि अमावस्येला तिठ्यावर लिंबू-भात ठेवतात तोही उताराच. एका धातूपासून केवढा संसार! हे सगळं एकदा एकत्र पाहिलं की शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

३. आगर आणि आगार

कोकणातल्या कथांत ‘आगर’ नेहमी भेटतं. तिथं आगर म्हणजे घरालगतची नारळी-पोफळीची बाग. मीठ पिकवायची जागा ती मिठागर. आपल्या अंबडच्या स्टँडवर जे ‘आगार’ लिहिलेलं असतं ते मात्र निराळं. संस्कृतात आगार म्हणजे घर, कोठार. कारागार, शयनागार यांतलं आगार तेच. एका कान्याच्या फरकानं बागेचा डेपो होतो. ऐकताना हा फरक निसटतो, म्हणून कथा ऐकून झाल्यावर एकदा वाचावी हे बरं.

४. घाट

रत्नागिरी-मुंबई रस्त्यावर कशेडीचा घाट लागतो. आपल्या अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे, पण घाट नाही. आपण घाट पाहतो तो अजिंठ्याचा, नाहीतर कन्नडचा. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता हा एक अर्थ. नदीच्या काठी बांधलेल्या पायऱ्या हा दुसरा. भांड्याचा आकार हा तिसरा, ‘तांब्याचा घाट छान आहे’ असं म्हणतात. आणि ‘घाट घालणे’ म्हणजे बेत आखणे. गॅदरिंगच्या नाटकाचा घाट आपण दरवर्षी घालतोच.

‘घाटी’ हा शब्द तर फारच मजेशीर. कोकणातला माणूस घाटावरच्या, म्हणजे देशावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणतो, आणि त्यात थोडी टिंगल असते. मराठवाड्यात ‘त्याला घाटीत नेलं’ असं कुणी म्हटलं की आपल्या काळजात चर्र होतं, कारण घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं मोठं सरकारी रुग्णालय. शब्द एकच, पण एकाच्या ओठावर हसू आणि दुसऱ्याच्या डोळ्यात काळजी. शब्दकोशात अर्थ सापडतो, पण शब्द कुठल्या गावाला काय वाटायला लावतो हे गावातच कळतं.

५. सुबक आणि ठेंगणी

गाडीतल्या एका बाईचं नाव माहीत नाही म्हणून पु. लं.नी तिला दोन शब्दांचं नाव देऊन टाकलंय, ‘सुबक ठेंगणी’. या दोन शब्दांवर महाराष्ट्र इतकी वर्षं हसतोय. का? ‘सुबक’ हे विशेषण आपण बहुधा हातानं घडवलेल्या वस्तूला लावतो. सुबक मूर्ती, सुबक अक्षर, लेथवर नीट फिनिशिंग केलेला जॉबसुद्धा सुबक. ‘ठेंगणं’ म्हणजे उंचीला कमी, जसं ठेंगणं घर, ठेंगणं दार. माणसासाठी आपल्याकडे बुटका, बुटकी जास्त चालतं. पण बुटकी म्हटलं की हिणवल्यासारखं होतं, ठेंगणी म्हटलं की होत नाही. आणि समोर सुबक जोडलं की कौतुक होतं. एकाच उंचीसाठी दोन शब्द आणि त्यांत केवढा फरक!

हाच शब्द ‘आकाश ठेंगणं होणे’ या वाक्प्रचारात येतो. आनंद इतका झाला की आभाळसुद्धा कमी उंचीचं वाटायला लागलं, असा त्याचा अर्थ. एम-थ्रीचा बॅक निघाल्यावर कसं वाटतं ते ज्याला माहीत आहे, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगायची गरज नाही.

६. म्हशीच्या घरचे शब्द

आता मुख्य पात्राकडे येऊ. म्हशीचं पिल्लू म्हणजे रेडकू. थोडी मोठी, पण अजून न व्यालेली ती वगार. नर तो रेडा, आपल्या भागात हल्या. जनावराच्या बाळंतपणाला ‘विणे’ हे क्रियापद आहे, म्हणून म्हैस ‘व्याली’. प्रत्येक विण्याला ‘वेत’ म्हणतात. बाजारात ‘दुसऱ्या वेताची आहे’ असं सांगितलं की दर वेगळा होतो. दूध देते ती दुभती, पोटात रेडकू आहे ती गाभण, आणि जिचं दूध आटलंय ती भाकड.

‘भाकड’वर जरा थांबा. ‘भाकडकथा’ हा शब्द आपण ऐकलेला असतो. ज्या म्हशीला चारा घालत राहायचं आणि दूध काही मिळत नाही ती भाकड, तशी जी गोष्ट ऐकत राहायची आणि हाती काही लागत नाही ती भाकडकथा. गोठा माहीत असलेल्या माणसाला ही उपमा वेगळी सांगावी लागत नाही. आम्ही मात्र ‘भाकडकथा म्हणजे खोटी गोष्ट’ एवढंच पाठ करतो आणि त्यातली म्हैस हरवून बसतो.

तसाच ‘पान्हा’. वर्कशॉपात नट आवळायला आपण पाना मागतो. म्हशीचा पान्हा म्हणजे कासेत उतरलेलं दूध. रेडकू जवळ आलं की पान्हा फुटतो. म्हैस बिथरली, अनोळखी माणूस धारेला बसला की ती पान्हा चोरते. माणसांबद्दलही असंच म्हणता येईल. व्हायव्हाला उत्तर येत असूनही तोंड उघडत नाही, ते पान्हा चोरणंच नाही का?

आणि ‘धार’. म्हशीची धार काढतात, कार्पेंटरी शॉपमध्ये पटाशीला धार लावतात, पावसाची धार लागते. काढणं, लावणं आणि लागणं या तीन क्रियापदांनी एकाच शब्दाची तीन कामं ठरतात. मराठीत नुसतं नाम शिकून भागत नाही, त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद नांदतं तेही शिकावं लागतं. कॉन्व्हेंटवाल्यांची गाडी बहुतेक वेळा इथंच पंक्चर होते. शब्द बरोबर असतो, पण आम्ही म्हशीला धार लावतो!

७. पंचनामा

एस.टी.ची धडक बसली, जनावर पडलं, की पंचनामा आलाच. ‘पंच’ आपला आणि ‘नामा’ फारसी. फारसीत नामा म्हणजे पत्र, लेख. पंचांच्या समोर लिहिलेला कागद तो पंचनामा. करारनामा, जाहीरनामा, हुकूमनामा ही त्याची भावंडं. ‘राजीनामा’ही त्यातलाच. मुळात तो राजीखुशीनं लिहून दिलेला कागद. हल्ली पुष्कळसे राजीनामे राजी नसतानाच द्यावे लागतात ही गोष्ट वेगळी.

पंचनाम्यातली भाषा हा एक वेगळाच प्रकार. मौजे, इसम, सदर, समक्ष, जबाब, मयत. यातले पुष्कळ शब्द अरबी-फारसीतून आले. इसमचा मूळ अरबी अर्थ ‘नाव’, मराठीत तो ‘माणूस’ झाला. शिवाजी महाराजांनी ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला तो कारभारातल्या अशाच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तरी ते टिकले. आपल्या मराठवाड्यात तर जास्तच टिकले, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. घरातल्या जुन्या कागदांत बापाचं नाव सांगायला ‘वल्द’ लिहिलेलं अजूनही सापडतं.

कथेत पंचनाम्याचं हसू येतं, कारण रस्त्यात पडलेली एक म्हैस आणि तिच्याभोवती सरकारी भाषेचा केवढा तो थाट! पण हाच शब्द आपल्या तालुक्यात कधी उच्चारला जातो ते आठवा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, उभी पिकं आडवी झाली. तेव्हा गावोगावी एकच प्रश्न होता, पंचनामा झाला का? तलाठी आला का? (तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, लोकांच्या तोंडात मात्र तलाठीच आहे.) पंचनामा झाला तर भरपाईची आशा, नाही झाला तर नुसतं आभाळाकडं बघणं. नंतरच्या अतिवृष्टीतही तेच.

इथं शब्द येणं ही हौस राहत नाही. पंचनाम्यावर सही करणाऱ्या माणसाला त्यात ‘अंशतः’ लिहिलंय की ‘पूर्णतः’, ‘जिरायत’ लिहिलंय की ‘बागायत’, हे वाचता आलं पाहिजे. जिरायत म्हणजे पावसावरची शेती आणि बागायत म्हणजे पाण्याची सोय असलेली. मदतीचा दर या एका शब्दानं बदलतो. चुलत्याचा कागद हातात घेऊन घरातला इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा जर ‘मला हे मराठी समजत नाही’ म्हणाला, तर त्याच्या इंग्रजीचा त्या क्षणी घरच्यांना काय उपयोग?

शब्द शिकावेत कसे?

आता थोडं पद्धतीबद्दल.

पहिली गोष्ट, आधी ऐका, मग वाचा. ऐकताना कुठं इतर हसले आणि आपण हसलो नाही ती जागा लक्षात ठेवा. अडलेला शब्द तिथंच असतो.

दुसरी गोष्ट, एका बैठकीत पाचपेक्षा जास्त शब्द घेऊ नका. प्रत्येकाचं घराणं लिहा, म्हणजे त्याची भावंडं, त्याच्याबरोबरचं क्रियापद आणि एखादा वाक्प्रचार. वहीच्या एका पानावर एकच शब्द ठेवा.

तिसरी गोष्ट, शब्दकोश वापरा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश फार सोयीचा आहे. तो पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. अर्थ इंग्रजीत दिलेले असल्यानं आपल्याला परकं वाटत नाही. शिकागो विद्यापीठानं तो संगणकावर फुकट उपलब्ध करून दिलाय. मराठीतून मराठी अर्थ हवा असेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहा. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, माणसांना विचारा. होस्टेलमध्ये कोशापेक्षा जिवंत कोश आहेत. वगार आणि रेडकू यांतला फरक कोशात दोन ओळींत सापडेल, पण ज्यानं पहाटे उठून धार काढली आहे तो तुम्हाला पाच मिनिटं सांगेल आणि ते तुम्ही जन्मात विसरणार नाही. मेसच्या मावशी, रात्रीचे वॉचमन काका, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर यांच्याकडे किती शब्द आहेत याचा आपण कधी हिशोबच केला नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं पहिल्या वर्षी गप्प असतात. सेमिनारला मागच्या बाकावर बसतात. इंग्रजी अडतं म्हणून त्यांना वाटतं आपल्याला काहीच येत नाही, आणि कधीकधी आम्हालाही तसंच वाटतं. ‘म्हैस’ सुरू असताना मात्र चित्र उलटं होतं. पहिला हशा मागच्या बाकावरून येतो. अर्थ विचारायला आम्हाला त्यांच्याकडे जावं लागतं. मग ते थर्मोडायनॅमिक्सचं इंग्रजी पुस्तक घेऊन आमच्याकडे यायला कचरत नाहीत. हा सौदा दोघांच्या फायद्याचा आहे. एका खोलीत एक गाववाला आणि एक कॉन्व्हेंटवाला असेल तर दोघांनाही शिकवणी लावायची गरज नाही.

स्वाध्याय

(उत्तरे कोशात पाहण्याआधी माणसांना विचारावीत.)

१) दावं, कासरा आणि वेसण या तिन्हींत फरक काय? वर्तमानपत्रात ‘खर्चाला वेसण’ असं लिहितात ते का?

२) गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, तर शेळीचं, मेंढीचं आणि घोडीचं काय?

३) ‘धार’ हा शब्द काढणे, लावणे, लागणे या क्रियापदांबरोबर वापरून तीन वाक्यं लिहा.

४) ज्यांच्या शेवटी ‘नामा’ येतो असे आणखी चार शब्द शोधा आणि ते कुठल्या कागदाला म्हणतात ते लिहा.

५) सुट्टीत घरी गेल्यावर एक सातबारा उतारा हातात घ्या. त्यातले न कळलेले शब्द लिहून आणा.

पाचवा प्रश्न सगळ्यांना सक्तीचा समजावा. बाकीचे चार ‘म्हैस’ ऐकता ऐकताही सुटतील. आणि मित्रांनो, पुढच्या वेळी रात्री कुठल्या खोलीतून हशा ऐकू आला, तर दार वाजवून आत जा आणि खुशाल विचारा, “काय रे, कोणत्या शब्दावर हसलात?”